डिमेन्शिया असलेल्या मायसाठी साधा फोन कोणता? (आणि त्या 'चिकाटी'वाल्या पोस्टला उत्तर)

अमळनेरची लेक
मागच्या आठवड्यात इथेच एक पोस्ट फिरली. आईबापांना रोज पंधरा मिनिटं बसवून व्हिडिओ कॉल शिकवा, विसरभोळ्यांनाही महिन्याभरात येतो, येत नसेल तर मुलांकडे चिकाटी नाही. सगळ्यांनी वा वा केलं. मी तीन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

माय 79 वर्षांची. निदान होऊन तीन वर्षं झाली. स्मार्टफोन दिला होता, चिकाटीनेच. फोन वाजला की ती तो उचलून थेट कानाला लावायची. वर सरकवा, हिरवं, लाल, काही नाही. वाजणारा फोन कानाशी आणि 'हॅलो, हॅलो'. मग वहिनीला म्हणणार, 'कोनी बोलतंच नही.' पडदा काळा झाला की फोन मेला, आणि मेलेला फोन कणकेच्या डब्यात. दोनदा पिठातून काढलाय.

शेजारच्या काकूंकडे अजून जुना लँडलाइन आहे. परवा माय तिथे बसलेली असताना घंटी वाजली. हिने हात पुढे केला, रिसीव्हर कानाला लावला, दुसऱ्या हाताने पदर सावरला आणि म्हणाली, 'बोला!' नवं शिकणं या आजारात आधी जातं, हाताची जुनी सवय पुष्कळ दिवस टिकते. म्हणून लँडलाइनसारखाच दिसणारा, सिमकार्डवर चालणारा टेबलफोन घ्यायचाय. कोणी वापरलाय का? एक बटण दाबलं की माझा नंबर, असं होतं का? आणि कृपा करून चिकाटी शिकवू नका.

डिजिटल दादा, नंदुरबार
पोस्ट माझीच होती. टोमणे मारण्यापेक्षा सरळ विचारायचं. मी वडिलांना 74 व्या वर्षी शिकवलं, आज ते स्वतः कीर्तनं शोधून ऐकतात. व्हिडिओवर चेहरा दिसतो, जेवले की नाही ते कळतं. टेबलफोनवर काय कळणार?

अमळनेरची लेक
वडिलांना डिमेन्शिया आहे का?

डिजिटल दादा, नंदुरबार
नाही. पण वय तर झालंय ना.

अमळनेरची लेक
बरं.

तांब्याची तार, भुसावळ
एक्स्चेंजमध्ये 31 वर्षं काढली, म्हणून बोलतो. सिमबिम काही नको, खरा लँडलाइन घ्या. तांब्याच्या लाइनीला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट यायचे. मे महिन्यात 45 डिग्रीत लाइट गेली, पंखे बंद, पण डायलटोन चालू. आता सगळं फायबर. घरातल्या डब्याची वीज गेली की फोनही गेला, त्याला वेगळा यूपीएस लावा. खड्डे खणताना तांबं तोडलं, कोणी जोडलं नाही. आम्ही पावसात खांबावर चढायचो...

केळीबाग, रावेर
काका, खांबावरून खाली या. ताईंना फोन विचारायचाय.

ताई, आमच्या आजीकडे दोन वर्षं सिमवाला टेबलफोन आहे. स्वस्तातले काही सेट फक्त 2जीवर चालतात, त्यात जिओचं सिम घातलं तर रेंजच दिसणार नाही, कारण जिओचं 2जी नेटवर्कच नाही. 4जी व्होल्टी (VoLTE, म्हणजे 4जीवरून बोलता येणारा) लिहिलेला बघून घ्या. आतली बॅटरी चालू आहे का ते दुकानातच तपासा. मेमरीचं एक बटण दाबलं की त्यात भरलेला नंबर लागतो. आजीला अशा तीनच बटणांची गरज, म्हणून बाकीच्या बटणांवर पुठ्ठा कापून चिकटवला आणि तिन्हींवर फोटो लावले. रिचार्ज 28 दिवसांचं, म्हणजे वर्षाला 13 वेळा, ते तेवढं तुमच्या मोबाइलमध्ये लावून ठेवा. संपलं की आजी म्हणते, पोरं विसरली.

एकच त्रास, फोनमधली रेकॉर्डिंगवाली बाई. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता' सुरू झालं की आजी तिला खुशाली विचारते. आधी अमिताभच्या आवाजातला सायबर गुन्ह्यांचा तो संदेश होता, 2025 च्या जूनमध्ये बंद झाला, तोवर तर अमिताभशी रोज भांडण. माझ्या नातवाला फोन दे म्हणायची त्याला.

अमळनेरची लेक
हसू आलं आणि रडूही. फोनवर आवाज कोणत्या भाषेत येतो हे फार मोठं आहे. माय पुस्तकी मराठी छान बोलायची, ती गेली. उरली अहिराणी. शेवटी खानदेशची भाषा तीच.

केळीबाग, रावेर
इथे थांबा. खानदेशची भाषा तीच नाही. यावल-रावेरला 'आहे'ला 'शे' कोणी म्हणत नाही. आमची लेवा बोली वेगळी आहे.

धुळेकर जिभाऊ
झालं सुरू. लेवा बोली म्हणजे अहिराणीचीच पूर्वेकडची लेक. धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, पार बागलाणपर्यंत अहिराणी आहे. तुमचे दोन-चार तालुके.

केळीबाग, रावेर
दोन-चार? जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर मोजा, पलीकडे मलकापूर-नांदुरा मोजा. आणि लेक कोणाची, ते ठरवणारे तुम्ही कोण?

धुळेकर जिभाऊ
मग आसोद्याच्या बहिणाबाईंची भाषा कोणाची?

तांब्याची तार, भुसावळ
ते आसोद्याचं प्रकरण इथं काढू नका. मागच्या वेळी दोघांनी धागा सोडला होता.

केळीबाग, रावेर
काढलं त्यांनी, मी नाही. माझी आजी फोनवर 'कोन हाये?' म्हणते, 'कोन शे?' म्हणत नाही. हा पुरावा घ्या.

धुळेकर जिभाऊ
एका आजीचा पुरावा! उद्या माझी आजी आणतो.

आकडेवाला
भावनांच्या पलीकडे एक सांगू का? भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालाय. फोन निवडण्याआधी आजाराचा टप्पा...

धुळेकर जिभाऊ
यातले अहिराणी बोलणारे किती?

सून इथेच राहते, पारोळा
झालं का भांडून? आता मी बोलते. फोन कोणता हे पुण्या-मुंबईच्या लेकी ठरवतात, वाजतो तो आमच्या घरात. माझ्या सासूबाईंना एका बटणाचा फोन दिला होता, नणंदेने हौसेने. पहिल्या दिवशी 43 कॉल. मोजले, कारण नणंदेनेच चिडून सांगितले. एकच प्रश्न, 'आखाजीले कव्हय येशी?' आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाखातली, आणि हे कार्तिकात! तिसऱ्या दिवशी नणंदेने दुपारी फोन उचलणं बंद केलं. मग ही बाई रिसीव्हर हातात धरून बसून राहायची, जेवायला उठेना.

लेकीने फोन द्यायच्या आधी स्वतःला विचारावं, चाळिसाव्या वेळेला मी उचलणार आहे का?

अमळनेरची लेक
मी उचलेन.

सून इथेच राहते, पारोळा
तीही असंच म्हणाली होती. आम्ही काय केलं ते सांगते. बाहेरून येणारा फोन चालू ठेवला, तोही ठरलेल्या पाच नंबरांचाच, बाकीचे लागतच नाहीत. मागे कोणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून सासूबाईंकडून पासबुकातले आकडे वाचून घेत होता, नशिबाने मी घरात होते. आणि त्यांच्या हाताला म्हणून पलंगाशेजारी जुना बंद फोन ठेवलाय. वायर भिंतीत जाते, भिंतीपलीकडे काही नाही.

डिजिटल दादा, नंदुरबार
म्हणजे आजारी बाईला बंद फोन देऊन फसवायचं? आणि मला चिकाटीवरून बोलता!

अमळनेरची लेक
या एकाच गोष्टीत मी दादांच्या बाजूने. मला नाही पटलं, पारोळ्याच्या वहिनी. ती हाक मारतेय आणि पलीकडे भिंत?

सून इथेच राहते, पारोळा
फसवणूक म्हणा. संध्याकाळी पाच वाजले की त्यांचा जीव उडतो, घरी जायचंय म्हणतात, असतात घरातच. मग त्या फोनवरून भावाला फोन लावतात. पाच आकड्यांचा नंबर, अजून पाठ आहे, एक आकडा चुकत नाही. भाऊ वारून बारा वर्षं झाली. दहा-पंधरा मिनिटं बोलतात, कापसाचा भाव विचारतात, मध्ये थांबून ऐकतात, हं हं करतात. मग शांतपणे भाकरी खातात. चालू लाइनीवर तो नंबर लावला असता तर ती रेकॉर्डिंगवाली बाई म्हणाली असती, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

दादा, तुमच्या व्हिडिओ कॉलवर भाऊ दाखवता येईल का?

डिजिटल दादा, नंदुरबार
नाही.

पोस्टीत 'विसरभोळे' हा शब्द घालायला नको होता, तेवढं मान्य. बाकी पोस्टीवर मी ठाम आहे.

तांब्याची तार, भुसावळ
पाच आकडी नंबर! आमच्या एक्स्चेंजचे होते तसे. ताई, एक लक्षात ठेवा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतं. खरा लँडलाइन घेतलात तर मेमरीत नंबर भरताना शून्यासकट भरा. सिमवाल्याला ती भानगड नाही. (हे लिहिताना मला त्रास होतोय, पण तुम्हाला सिमवालाच बरा.)

अमळनेरची लेक
काकांनी सिम कबूल केलं, धाग्याचं सार्थक झालं.

भावाशी बोलले. सिमवाला 4जी टेबलफोन मागवतोय, काळ्या रंगाचा, कारण ओटा आणि भिंत दोन्ही पांढरी आहेत, पांढरा फोन तिला दिसतच नाही. बाहेरचे ठरलेलेच नंबर लागतील असं करायचं. बाहेर लावायला एकच बटण, तेही दुपारी चारपर्यंत. पुढे वहिनी फोन उचलून कपाटात ठेवेल. बंद फोनाचं मला अजून पटत नाही. लँडलाइनचा जुना डबा माळ्यावर आहे, तो काढून पुसून ठेवायला मात्र सांगितलंय.

बटणावर लावायला माझा फोटो पाठवला तर वहिनीने मायला दाखवला. माय म्हणाली, 'हाई कोन शे?' आता लग्नाआधीचा शोधतेय, दोन वेण्यांचा.

केळीबाग, रावेर
फोटोवर चिकटपट्टी लावा, नाहीतर चार दिवसांत नखाने निघतो. आणि ताई, 'हाई कोन शे' हे खास तुमच्याकडचं. आमच्याकडे असं म्हणत नाहीत.

धुळेकर जिभाऊ
मी गप्प बसलो होतो.