अभ्यासाची खोली, पसारा आणि फेंगशुईतला ‘ज्ञानाचा कोपरा’

प्रश्न
नोकरी सांभाळून रोज तासभर नवीन भाषा शिकायची आहे, पण टेबलाशी बसलं की मन लागत नाही. खोली १० बाय १२ फूट. टेबल भिंतीला टेकवलेलं, बसल्यावर दार पाठीमागे येतं. कपाट गच्च भरलंय, खणांत काय आहे ते मलाच माहीत नाही. फेंगशुईत ज्ञानवृद्धीसाठी एक कोपरा असतो म्हणे. एके ठिकाणी तो ईशान्येला सांगितलाय, दुसरीकडे दारातून शिरताना डावीकडे. खरं कोणतं? आणि आधी काय करू, मांडणी की आवराआवर?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर, कारण पद्धती दोन आहेत. जुनी पद्धत होकायंत्राची. तीत आठ दिशांना आठ चिन्हं असतात. त्यांतलं ज्ञानाचं चिन्ह ‘गन’ म्हणजे पर्वत, त्याची दिशा ईशान्य. दुसरी अलीकडची, फेंगशुईचे गुरू लिन युन यांच्या परंपरेतली. तीत दिशा बघत नाहीत. खोलीच्या नकाशावर ३ गुणिले ३ चौकटी आखायच्या, दाराची भिंत खाली धरायची, की खालचा डावा चौकोन ज्ञानाचा. दार त्या भिंतीत कुठेही असलं तरी हे बदलत नाही. एक पद्धत धरा आणि तीच ठेवा. दोन्हींची सरमिसळ केली की घरभर वस्तू हलवत बसाल.

मोबाइलवर दिशा बघणार असाल तर लोखंडी कपाटापासून दूर उभे राहा. खोलीत तीन-चार ठिकाणी बघा, आकडे जुळले तरच धरा.

प्रतिसाद २
आधी आवराआवर, याबद्दल माझं मत ठाम आहे. अडगळीवर कितीही शुभ मांडणी केली तरी ती अडगळच.

एका वेळी एकच खण घ्या, २५ मिनिटांचा गजर लावा. खण पूर्ण उपडा करा. वरवर चाळलं की वस्तू फक्त जागा बदलतात. मग काय निघतं बघा: न उमटणारी पेनं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, कुठल्या फोनचा ते आठवत नाही असा चार्जर, केव्हाच मोडीत गेलेल्या यंत्राचं वॉरंटी कार्ड. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग करा. जिथे हात अडतो ते एका खोक्यात घालून वर तारीख लिहा. सहा महिन्यांत खोकं उघडावं लागलं नाही, तर त्यातलं द्यायला हरकत नाही. मात्र प्रमाणपत्रं आणि घराची कागदपत्रं या खोक्यात कधीच घालू नका, त्यांची फाइल वेगळी.

फसतं ते बहुधा तीन ठिकाणी. सुरुवातच जुन्या पत्रांनी आणि फोटोंनी होते, मग दिवस त्यातच जातो. ते शेवटी घ्या. आवरायच्या आधीच नवे डबे आणले जातात, मग नको असलेलं त्यात नीट रचून ठेवलं जातं. आणि द्यायची पिशवी दाराशी पडून राहते, हळूहळू त्यातल्या वस्तू परत आत येतात. पिशवी त्याच दिवशी घराबाहेर.

फुगलेली बॅटरी दिसली तर ती दाबू नका, चार्ज करू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

प्रतिसाद ३
टेबलाचं सांगते. फेंगशुईत बसण्याची चांगली जागा म्हणजे पाठीशी भिंत, दार नजरेच्या टप्प्यात, पण दाराच्या थेट रेषेत नाही. फेंगशुई न मानणाऱ्यालाही हे पटेल: पाठीमागे दार असलं की जरा आवाज झाला तरी मान वळते. खुर्ची मागे सरकवायला भिंतीपासून किमान ३ फूट सोडा. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा समोर नको, बाजूला असू दे.

प्रश्नकर्ता
टेबल फिरवता येत नाही, प्लग एकाच भिंतीत आहे. आणि अर्धवट सोडलेल्या दोन अभ्यासक्रमांची पुस्तकं आहेत, त्यांचं काय?

प्रतिसाद ३
मग टेबलावर छोटा आरसा ठेवा. दार दिसेल, पण तुमचा चेहरा दिसणार नाही असा तिरका. चेहरा दिसला की लक्ष तिथेच जातं. दाराच्या मागे अडकवलेल्या पिशव्याही काढा, दार पूर्ण उघडलं पाहिजे.

प्रतिसाद २
पुस्तकांपैकी एक अभ्यासक्रम या वर्षी पूर्ण करणार असाल तर तेवढाच ठेवा, दुसरा देऊन टाका. रोज डोळ्यांसमोर अर्धवट कामं असली की नव्याला हात लावायला मन कचरतं. ज्ञानाच्या कोपऱ्यात फक्त भाषेचं पुस्तक, वही आणि दिवा. ‘गन’चा अर्थच मुळी स्थिर होणं.

प्रश्नकर्ता
शनिवारी टेबलाच्या वरच्या खणापासून सुरू करते.