मोरोक्कोत पीजेडी (इस्लामवादी न्याय आणि विकास पक्ष) १२५ सीटांवरून १३ वर कसा आला?

प्रश्न: २०२१ चे आकडे बघत होतो, ३९५ च्या संसदेत दहा वर्षं सरकार चालवणारा पक्ष १३ सीटांवर, पंतप्रधान ओथमानी स्वतः पडले. निवडणुकीचा नियम बदलला म्हणून का?

प्रतिसाद १: नियमाचा फटका बसलाच. आधी कोटा (एका सीटसाठी लागणारी मतं) झालेल्या मतदानावरून काढायचे, २०२१ ला नोंदणी असलेल्या सगळ्या मतदारांवरून काढला, म्हणजे कोटा इतका मोठा की एका मतदारसंघात एका पक्षाला दुसरी सीट मिळणं जवळजवळ अशक्य. पण १३ म्हणजे लोकांनीच नाकारलं हो, डिसेंबर २०२० मध्ये इस्राएलशी संबंधांच्या करारावर ओथमानींनीच सही केली, ते त्यांच्या मतदारांना फार लागलं.

प्रतिसाद २: राजाला विसरू नका. २०११ च्या घटनेनुसार पहिल्या नंबरच्या पक्षातूनच पंतप्रधान नेमावा लागतो, तरी २०१६ ला जिंकलेल्या पीजेडीच्याच बेनकिरान यांना पाच महिने आघाडी जमली नाही आणि राजाने त्यांना बाजूला करून ओथमानींना आणलं. मला तर पक्षाची घसरण तिथूनच सुरू झाली असं वाटतं.

प्रश्नकर्ता: कोट्याचं आत्ता कळलं, थँक्स. म्हणजे २०२१ ला १०२ सीटा घेऊन पहिल्या आलेल्या आरएनआय पक्षाच्या अखन्नूश यांनाही आघाडी करावीच लागली.

प्रतिसाद १: हो, पीएएम आणि इस्तिकलाल या पक्षांसोबत.