टॉकबॅकची अडचण विचारली की व्हॉइस नोटच का? लिहून द्या ना भाऊ!

कपाशीचं_बोंड (दारव्हा, जि. यवतमाळ)

मुद्द्याचं आधी सांगतो. टॉकबॅक (अँड्रॉइड फोनचा पडदा बोलून दाखवणारी सोय) असो की कॉम्प्युटर, आपण अंध मंडळी एकमेकांना जी मदत करतो ती बहुतेक सगळी व्हॉइस नोटमध्ये करतो, आणि म्हणून ती दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कामाची राहत नाही. माझं म्हणणं, उत्तर लिहूनच द्यावं. मराठीत, युनिकोडमध्ये. बोलायची हौस असेल तर वरून बोला.

परवाचंच घ्या. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिग्रसकडच्या एका दादांनी विचारलं, अपडेट आल्यापासून फोन नुसता इंग्रजी बोलतो, मराठी मेसेज आला की गप्प. प्रश्न साधा. बोलणारं इंजिन बदललं गेलं असणार, नाहीतर मराठी आवाजाचा डेटा उडाला असणार. सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधायचं, इंजिन गूगलचं ठेवायचं, व्हॉइस डेटात जाऊन मराठी उतरवून घ्यायचं. एकदा उतरलं की नेट नसलं तरी बोलतं. तीन ओळींचं काम. त्यावर व्हॉइस नोटांची रांग लागली. एकीत आधी घरच्यांची ख्यालीखुशाली, एकीत मागे कुणीतरी गोऱ्ह्याला हाकलतंय, आणि जी खरी कामाची होती तिच्यात नेमकं मेनूचं नाव सांगताना एसटीचा हॉर्न.

हाच प्रश्न पोळ्याला आला होता, दिवाळीत आला होता. जुनं उत्तर शोधायला जावं तर व्हॉइस नोटमध्ये शोधता येत नाही. लिहिलेलं असतं तर 'मराठी आवाज' टाकलं की हजर. शिवाय लिहिलेलं मी माझ्या वेगाने ऐकतो, नाव कळलं नाही तर एकेक अक्षर सुटं करून ऐकतो. तुमच्या नोटेला मी फार तर दुप्पट पळवू शकतो, स्पेलिंग विचारू शकत नाही.

बोला.

वावरातला_भाऊ (मोर्शी)

मास्तर, तुमचं बराबर हाय, पण ते शाळेत शिकलेल्याले. माही नजर काचबिंदूनं गेली तवा मी पंचेचाळिशीत होतो. ब्रेल येत नाही. कीबोर्डावर एकेक अक्षर हुडकता हुडकता चहा थंडा होते. बोलून टाईप केलं त माही वऱ्हाडी त्याले समजत नाही, 'वावर' म्हनलं का 'वापर' लिहिते. आज म्हनता उत्तर लिहून द्या, उद्या म्हनसान प्रश्न बी लिहूनच इचारा. मंग मी इचारणारच नाही, बस.

अन् एक गोष्ट तुमच्या ध्यानात नाही आली. मले ज्या पोट्ट्यानं फोन शिकवला, तो बी अंधच, त्यानं दोन फोन घेतले. एकावर टॉकबॅक चालू ठेवून सेटिंग उघडली, दुसऱ्यावर ते सारं रेकॉर्ड केलं. "काका, आता एका बोटानं उजवीकडं सरकवा. ॲक्सेसिबिलिटी आयकू आलं? नाही आलं त अजून सरकवा. आलं? आता दोनदा टिचकी." मी बायकोच्या फोनवर ते लावलं अन् माह्या फोनवर तसंच करत गेलो. त्याच्या फोनातून जो आवाज निंघे तोच माह्या फोनातून निंघे. चुकलो का लगेच समजे, कारण आवाज जुळे ना.

तुमचं लिहिलेलं कोन वाचून दाखवते? टॉकबॅकच. सेटिंगमधलं कोन बोलते? तेही टॉकबॅकच. मेसेज आयका, मागं जा, सेटिंग उघडा, तवर काय आयकलं होतं ते इसरलो. पुन्हा मेसेजवर. पाहा करून.

रेल्वेगेट (बडनेरा)

भाऊ, तो दोन फोनवाला पोट्टा कोण? आमच्या ग्रुपवर पाठवा त्याले.

नोट्स_दे_ना (पुसद, एमपीएससीची तयारी)

मी मास्तरांच्या बाजूने. मोबाइलचं एक वेळ व्हॉइस नोटवर चालेल, कॉम्प्युटरचं नाही चालत.

माझी अडचण: क्लासच्या नोट्स कृतिदेवमध्ये यायच्या. एनव्हीडीए, म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, त्या उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला वाचतो. कारण असं की या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजीच अक्षरं असतात, वरून फक्त देवनागरीचा चेहरा चढवलेला असतो. डोळ्यांना 'भारतीय राज्यघटना' दिसते, स्क्रीन रीडरला आतलं इंग्रजी मिळतं. क्लासच्या सरांना हे पटवायलाच वेळ गेला, त्यांना वाटायचं माझंच सॉफ्टवेअर फुकटचं म्हणून खराब आहे. उपाय मला एका जुन्या, लिहिलेल्या मेसेजमध्ये मिळाला: कृतिदेवचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यायचा, आणि स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडायची, म्हणजे चित्रातली मराठी बऱ्यापैकी मजकूर होऊन येते. ज्याने लिहिलं तो आता ग्रुपवरही नाही. तो बोलला असता तर मला कधी सापडलं असतं?

आणि एनव्हीडीएचंच बघा. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध मुलाने 2006 मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर सोबत आला. जॉजसारखा विकतचा स्क्रीन रीडर परवडत नाही अशा माझ्यासारख्यांच्या हातात तो फुकट आला. त्याची युजर गाइड लिहिलेली आहे म्हणून ती किती तरी भाषांत गेली. व्हॉइस नोटचं भाषांतर कोण करत बसेल?

सेतूवाला (आर्णी)

मी डोळस आहे, ऑनलाइन कामाचं दुकान चालवतो. राग मानू नका, पण एवढा खटाटोप कशाला? निराधारचं केवायसी असो की सातबारा, माझ्याकडे या, दोन मिनिटांत करून देतो. बरेच जण येतात. फोन हातात देतात, पिनही सांगतात, मी कधी कुणाचा रुपया इकडचा तिकडे केला नाही.

वावरातला_भाऊ (मोर्शी)

तुम्ही नसन केला दादा. पन पिन सांगा लागते, हाच त आमचा वांधा हाय ना.

कपाशीचं_बोंड

सेतूवाले दादा, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण तुम्ही "तो निळा बटन दाबा, वरच्या कोपऱ्यातला" असं सांगता. अंध माणूस सांगतो "बॅक बटनापासून उजवीकडे तिसरं". आम्हाला एकमेकांची मदत का लागते ते इथे आहे. काम करून देणारे गावात सतरा मिळतात, करायला शिकवणारा मिळत नाही.

कलम_एकवीस (चंद्रपूर)

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात. लिहा नाहीतर बोला, तुम्ही वाटताय काय? जुगाड. पैसे भरायच्या ॲपमध्ये पिनचा कीपॅड टॉकबॅक बोलत नाही, तर कुणीतरी सांगतो की पहिला आकडा अमुक ठिकाणी असतो, बोट मोजून टेका. आपण टेकतो. काम झालं, विषय मिटला, आणि ॲपवाल्याला कधी कळतच नाही की त्याचं दुकान आपल्याला बंद होतं.

सुप्रीम कोर्टाने 30 एप्रिल 2025 ला निकाल दिला आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांच्या आणि एका अंध वकिलाच्या याचिकांवर. केवायसीला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात, ज्याला डोळेच नाहीत त्याने काय मिचकवावं? कोर्ट म्हणालं, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 च्या जगण्याच्या हक्कातच येतो, आणि केवायसी सगळ्यांना जमेल अशी करा म्हणून 20 निर्देश दिले. हे किती जणांनी ग्रुपवर टाकलं? एकमेकांना पळवाटा शिकवण्यात जितकी हुशारी जाते तिच्यातली निम्मी तक्रारीत घाला.

नोट्स_दे_ना

तक्रार लिहावीच लागते ना दादा? फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, कुठल्या पडद्यावर काय बोललं नाही. हे सगळं व्हॉइस नोटांच्या ढिगातून मी कसं काढू? म्हणजे तुम्हीही आमच्याच बाजूचे.

कलम_एकवीस

तेवढ्यापुरता.

फवारणी_बंद (पांढरकवडा)

तुमची भांडणं चालू द्या, पण मला सल्ल्याच्या खरेपणाबद्दल बोलायचं आहे.

ग्रुपवर एकाने छातीठोक सांगितलं, फोटो काढून वर्णन करणारं एआय ॲप फवारणीच्या औषधाची बाटली छान वाचतं, आता कुणाला विचारायची गरज नाही. माझी नजर अर्धवट आहे, म्हणून मी पडताळलं. नाव बरोबर वाचलं. पण लेबल बाटलीभोवती गोल फिरतं, प्रमाणाचा आकडा कडेला वळलेला, तिथे ॲपने सरळ आपल्या मनाचा आकडा ठोकून दिला. आवाज तोच, ठसका तोच, खरं सांगतानाही आणि खोटं सांगतानाही. लेबलवर रंगाचा त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याबद्दल अवाक्षर नाही, मुद्दाम विचारल्यावर बोललं. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली, ती धडधाकट डोळ्यांची होती. इथे नुसतं 'छान वाचतं' म्हणून कसं चालेल? नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप आहे, तिथे चूक झाली तर पैशाची. इथे जिवाची.

तर लिहा किंवा बोला, पण स्वतः काय करून पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं ते वेगळं सांगा.

रेल्वेगेट (बडनेरा)

हे पटलं. आता याच्याच आधाराने मी व्हॉइस नोटची बाजू घेतो, मास्तर रागावतील.

लिहिलेला सल्ला फिरत येतो तेव्हा तो कुणाचा आहे हे कळत नाही. आमच्याकडे एक मेसेज फिरला: हा नवीन स्क्रीन रीडर टाका, टॉकबॅकपेक्षा भारी, खाली लिंक. प्ले स्टोअरची नाही, सुटी फाइल. मराठी एकदम शुद्ध. स्क्रीन रीडरला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावीच लागते, आणि ती दिली की ते ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, ओटीपीसकट. डोळस माणसाला कुणी अशी परवानगी मागितली तर तो दचकेल. आपण रोज देतो, त्यामुळे आपल्याला काहीच वाटत नाही. मोर्शीच्या भाऊंचा आवाज मात्र मी झोपेतही ओळखतो. ते म्हणाले टाका, तर टाकेन. ते गप्प असले तर नाही.

आणि हो, कुणी फसलाच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन लावायचा, मग ग्रुपवर सांगायचं. लोक उलटं करतात.

कपाशीचं_बोंड

रागावलो नाही. ओळखीचा मुद्दा मानला. पण नव्याने दृष्टी गेलेला कुणी आज ग्रुपमध्ये आला तर त्याला भाऊंचा आवाज तरी कुठे ओळखीचा आहे? त्याला सगळेच आवाज सारखे.

आणि भाऊ, लिहिता येत नाही म्हणजे लिहिलंच जाऊ नये असं कुठे आहे? आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच दृष्टी गेलेले. दुसऱ्याकडून वाचून घेतलं, दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं, आणि शंभरावर ग्रंथ झाले. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. तुम्ही बोला, कुणीतरी चार ओळी उतरवून घेईल.

वावरातला_भाऊ (मोर्शी)

कोनीतरी म्हंजे कोन? महाराजाले लिहनारे शिष्य होते. माह्याजवळ नातू हाय, तो रील पायते.

नोट्स_दे_ना

एनव्हीडीएचं मी उतरवून ठेवीन, ते जमेल. शॉर्टकट एका कॉम्प्युटरवर चालला की दुसऱ्यावरही चालतो. मोबाइलचं माझ्याच्याने होणार नाही. दर कंपनीचा मेनू वेगळा, दर अपडेटला नावं बदलतात. लिहून हात टेकवला की शिळं.

कपाशीचं_बोंड

शिळं होऊ दे, वर तारीख असली की शिळं आहे हे पहिल्या ओळीतच कळतं. व्हॉइस नोट जुनी आहे हे पूर्ण ऐकून, सेटिंगमध्ये दोनदा हरवून मग कळतं.

वावरातला_भाऊ (मोर्शी)

मंग आता मी पयलेच तारीख बोलत जाईन. तारीख, फोनचं नाव, अन् मी सोता केलं का आयकलं ते. मंग बाकी. लिहीन मात्र नाही.