स्वामित्वहक्क, एकस्व आणि ‘त्याचा पेटंट डायलॉग’

प्रश्न :
वकील नसलेल्यांसाठी, म्हणजे अभियंते, चित्रकार, लेखक, संगणकवाले अशांसाठी, कायद्याची तोंडओळख करून देणारी छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. पहिल्याच पानावर अडले. ‘कॉपीराइट’ला स्वामित्वहक्क लिहिलं. ‘पेटंट’ला कोशात एकस्व सापडलं, पण बोलताना लोक त्यालाही बिनधास्त स्वामित्वहक्क म्हणतात. ‘रॉयल्टी’ला स्वामित्वधन. एवढं सगळं स्वामित्व, पण नेमकं कुणाचं आणि कशावर? शिवाय ‘सिव्हिल लॉ’चं मी ‘दिवाणी कायदा’ केलं, तर मजकूर तपासणाऱ्यांनी तांबडी रेघ मारली. कारण लिहिलं नाही.

प्रतिसाद :
रेघेचं कारण नंतर कुणी तरी सांगेल, मी स्वामित्वाबद्दल लिहितो. हा शब्द चुकीचा नाही, पण नको ते चित्र उभं करतो. स्वामी म्हटलं की वस्तू त्याच्या ताब्यात, कडीकुलपात. इथे वस्तू बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच हातात असते. तुम्ही विकत घेतलेलं पुस्तक तुमचं आहे. वाचा, भेट द्या, रद्दीत घाला. लेखकाकडे उरतं ते इतकंच, की तुम्ही त्याच्या प्रती काढून विकू लागलात तर तो ‘थांबा’ म्हणू शकतो. या कुळातले जवळजवळ सगळे हक्क हे मनाई करण्याचे हक्क आहेत. म्हणून कॉपीराइटसाठी मला ‘प्रताधिकार’ बरा वाटतो. प्रत आणि अधिकार, दोन्ही त्यात उघड दिसतात.

पेटंटच्या बाबतीत तर स्वामित्व हा शब्द चक्क फसवतो. समजा, एकाकडे छत्रीचं पेटंट आहे. दुसऱ्याने घडी घालून पिशवीत मावेल अशी छत्री शोधली आणि तिचं पेटंट मिळवलं. आता दुसऱ्याला आपली घडीची छत्री बनवता येईल का? नाही, कारण ती आधी छत्री आहे आणि पहिला अडवू शकतो. पहिल्याला तरी घडीची छत्री बनवता येईल का? तीही नाही. दोघांकडे ‘स्वामित्व’ आहे आणि एकमेकांच्या परवानगीवाचून घडीची छत्री एकालाही काढता येत नाही. पेटंट म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे, हे पुस्तिकेत ठळक छापा. नवख्या लोकांची सर्वांत महाग पडणारी चूक हीच.

‘एकस्व’ मला आवडतो, पण एका अटीवर. पेटंट हा शब्द लॅटिनमधल्या ‘उघडं असणे’ अशा अर्थाच्या धातूपासून आला आहे. राजा जे पत्र मोहोरबंद न करता, मोहोर खाली लोंबती ठेवून देत असे, ते कुणालाही वाचता येई. आपल्या भाषेत खुली सनद. एकस्व म्हणजे याच्या बरोबर उलटं, एकट्याचं. पण दोन्ही शब्द एकाच सौद्याच्या दोन बाजू आहेत. तुमची युक्ती सगळ्यांना कळेल अशी लिहून द्या, हा पेटंट. त्या बदल्यात मुदतीपुरती ती एकट्याने वापरा, हे एकस्व. १९९५ पासून लागू झालेल्या ट्रिप्स करारानुसार (बौद्धिक संपदेच्या हक्कांवरचा आंतरराष्ट्रीय करार) ही मुदत अर्जाच्या तारखेपासून किमान २० वर्षं आहे. म्हणूनच ‘पेटंट घेऊन ठेवलं, आता कुणाला कळणार नाही’ हे वाक्य म्हणजे स्वतःच स्वतःला खोडून काढणं. कळू द्यायचं नसेल तर पेटंट घेऊ नका, व्यापारी गुपित म्हणून सांभाळा. मग मुदत नाही, नोंदणी नाही. फक्त दुसऱ्याने तेच स्वतःच्या डोक्याने शोधलं तर हात चोळत बसायचं.

जुना शब्दच हवा असेल तर ‘मक्ता’ आहे की. इंग्लंडच्या राजेराण्यांनी पत्त्यांच्या जोडांपर्यंत कशाकशाचे मक्ते वाटले होते. १६२४ च्या कायद्याने ते बहुतेक रद्द ठरवले, पण नव्या शोधासाठी १४ वर्षांचा अपवाद ठेवला. पेटंट म्हणजे मक्तेदारीला विरोध करणाऱ्या कायद्यातून वाचलेला मक्ता.

प्रतिसाद :
मग ‘हा त्याचा पेटंट डायलॉग आहे’ याचं काय करायचं? मुदत नाही, शोध नाही, उघड करण्यासारखं काही नाही. ऐकलं की बोलणारा ओळखू येतो, एवढंच. याला तर व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, म्हणायला हवं!

प्रतिसाद :
अगदी! बोलीतलं ‘पेटंट’ हे कायद्यातलं व्यापारचिन्हच आहे. माल कुणाकडून आला हे ओळखू येणं, हे चिन्हाचं काम. म्हणून वापर चालू असेपर्यंत आणि नोंदणी वेळोवेळी नवी केली तर ते कितीही वर्षं टिकतं. मात्र व्यापारचिन्हाला ‘बोधचिन्ह’ म्हणू नका. बोधचिन्ह म्हणजे चित्र, आणि व्यापारचिन्ह नुसता शब्दही असू शकतो.

प्रतिसाद :
तांबड्या रेघेबद्दल. ‘सिव्हिल’ हा शब्द दोन वेगवेगळ्या जोड्यांमध्ये येतो आणि मराठीत दिवाणी त्यातल्या एकाच जोडीत बसतो.

पहिली जोडी दिवाणी आणि फौजदारी. दिवाणीत दावा असतो, वादी-प्रतिवादी असतात आणि शेवटी भरपाई किंवा मनाई हुकूम मिळतो. फौजदारीत खटला, आरोपी, शिक्षा. ही जोडी जगात सगळीकडे आहे.

दुसरी जोडी देशोदेशींच्या पद्धतींची. एकीकडे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने करून घेतलेल्या रोमन कायद्याच्या संकलनापासून १८०४ च्या फ्रेंच संहितेपर्यंत आलेली परंपरा. तिलाही इंग्रजीत ‘सिव्हिल लॉ’च म्हणतात. दुसरीकडे ‘कॉमन लॉ’, म्हणजे इंग्लंडमध्ये राजाच्या न्यायालयांनी निवाड्यांमागून निवाडे देत उभा केलेला कायदा. इथे ‘कॉमन’ म्हणजे सामान्य नव्हे. गावोगावच्या रूढींऐवजी सगळ्या राज्याला समाईक, असा तो कॉमन. ‘सामान्य कायदा’ असं भाषांतर पाहिलं की मला तर सामान्य ज्ञानाची परीक्षा आठवते. मी ‘संहिताप्रधान’ आणि ‘निवाडाप्रधान’ म्हणेन. शब्द जड आहेत, पण फसवत नाहीत. अर्थात निवाडाप्रधान देशांतही संसदेचे कायदे असतातच, एवढी तळटीप टाका.

आणि तुमच्या विषयाला हा फरक नुसता इतिहासाचा नाही. निवाडाप्रधान देशांत नोंदणी न केलेल्या चिन्हालाही, बाजारात नाव झालेलं असेल तर, न्यायालय संरक्षण देतं. संहिताप्रधान देशांपैकी पुष्कळांत आधी नोंदवील त्याचं चिन्ह, असा खाक्या असतो.

प्रश्नकर्ती :
रेघेचं कोडं सुटलं. आता पुढचं. ‘मॉरल राइट्स’ला मी ‘नैतिक हक्क’ लिहिलंय. वाचणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘म्हणजे कायद्याने नाही, नुसतं मनाने मानायचे का?’

प्रतिसाद :
मैत्रीण हुशार आहे. हे हक्क पुरते कायदेशीर आहेत. मूळ फ्रेंच शब्दात रोख नीतीवर नाही, निर्मात्याच्या व्यक्तित्वावर आहे. आपलं नाव लागावं आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊ नये, हे दोन मुख्य हक्क. बर्न करारात, म्हणजे प्रताधिकाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, ते १९२८ मध्ये आले. ‘कर्त्याचे व्यक्तिगत हक्क’ असं लिहून पाहा.

उदाहरण हवं असेल तर जॉन ह्यूस्टन या अमेरिकी दिग्दर्शकाचं द्या. त्याच्या १९५० च्या कृष्णधवल चित्रपटाची रंगीत आवृत्ती फ्रान्समध्ये दाखवायची होती. अमेरिकी हिशेबाने सगळे हक्क कंपनीचे, विषय संपला. पण ह्यूस्टनच्या वारसांनी हरकत घेतली आणि १९९१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. फ्रेंच भाषेत मुळात कॉपीराइट नाहीच, ‘कर्त्याचा हक्क’ आहे. इंग्रजीने प्रतीकडे पाहिलं, फ्रेंचने माणसाकडे. म्हणून ‘प्रताधिकार’ला माझा पाठिंबा आहे, पण तो इंग्रजी वळणाचा शब्द आहे हे विसरू नये.

प्रश्नकर्ती :
‘कर्त्याचे व्यक्तिगत हक्क’ घेते. प्रताधिकार, एकस्व (पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे पेटंट’), व्यापारचिन्ह, हेही नक्की. स्वामित्वधन मात्र ठेवत नाही. रॉयल्टी सगळ्यांना कळते, आणि त्याला ‘मानधन’ म्हणणारे प्रकाशक निराळे! शेवटचा प्रश्न. तिसऱ्या प्रकरणाचं नाव ‘बौद्धिक संपदेची चोरी’ आहे. तेवढं तरी चालेल ना?

प्रतिसाद :
वर्तमानपत्राच्या मथळ्यात चालेल. चोरी झाली की वस्तू धन्याकडून जाते, इथे ती त्याच्याकडेच राहते आणि एक जास्तीची तयार होते. हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ मध्ये खरोखरच आला होता. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या विनापरवाना तबकड्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवणाऱ्यावर चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा कायदा लावला होता. बहुमताने निकाल असा लागला, की प्रताधिकाराचा भंग झाला असला तरी या कायद्याच्या अर्थाने तो चोरीचा माल नाही. म्हणजे तो माणूस सुटला असं नव्हे, प्रताधिकाराचे कायदे वेगळे होतेच. व्यापारी प्रमाणावर मुद्दाम केलेल्या नकलांना फौजदारी शिक्षा असावी असं ट्रिप्स करारही सांगतो, पण प्रताधिकार आणि व्यापारचिन्हांपुरतंच. एकस्वासाठी तशी सक्ती नाही.

‘उल्लंघन’ लिहा. किंवा ‘भंग’, तो लहान आहे आणि वचनभंगात आधीच रुळलेला आहे.

प्रश्नकर्ती :
‘हक्कभंग’ लिहिणार होते, पण तो शब्द विधिमंडळाने आधीच घेऊन ठेवलाय.

प्रतिसाद :
बघा, शब्दांचंही एकस्व असतं.

प्रश्नकर्ती :
व्यापारचिन्ह म्हणा, पेटंट असतं तर मुदत तरी संपली असती. ‘प्रताधिकारभंग आणि इतर उल्लंघनं’ करते.