नाकाचा स्टिरॉइड स्प्रे महिनोन्‌महिने वापरणं कितपत सुरक्षित?

पाषाणकर
धुळीची आणि गाजरगवताची अ‍ॅलर्जी, वय ४१. पावसाळा सरता सरता शिंका, नाक चोंदणं आणि डोळ्यांना खाज सुरू होते, ती थेट डिसेंबरपर्यंत. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी फ्लुटिकासोन प्रोपिओनेट दिलंय: ५० मायक्रोग्रॅमचे दोन-दोन फवारे दोन्ही नाकपुड्यांत, सकाळी एकदा, तीन महिने. सात वर्षांच्या मुलीला मोमेटासोन, एकेक फवारा.
घरच्यांचं म्हणणं, स्टिरॉइड म्हणजे हाडं ठिसूळ, तोंडावर सूज आणि एकदा लागलेली सवय सुटत नाही. मुलीची उंची खुंटेल ही भीती वेगळीच. त्यात चार दिवसांत फारसा फरक नाही आणि काल डाव्या बाजूने घोळणा फुटला. चालू ठेवावं का?

खलबत्ता
घरच्यांची भीती खरी आहे, पण ती पोटातून घ्यायच्या गोळ्यांची. प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने घेतलं की हाडं, साखर, वजन सगळ्यावर परिणाम होतो. स्प्रेचं गणित वेगळं.

तुमचा दिवसाचा डोस २०० मायक्रोग्रॅम. त्यातला बराचसा भाग घशातून पोटात जातो आणि यकृत तो पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचा रक्तात पोहोचणारा वाटा २ टक्क्यांहून कमी, म्हणजे ४ मायक्रोग्रॅमच्या आत. मोमेटासोनचा १ टक्क्याच्या आत, फ्लुटिकासोन फ्युरोएटचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. फ्लुटिकासोन वजनाला वजन प्रेडनिसोलोनपेक्षा कितीतरी जहाल असतं, त्यामुळे 'गोळी ५ मिलिग्रॅमची आणि स्प्रे ०.२ चा' अशी सरळ तुलना करू नये. तरीही हा आकडा फारच लहान राहतो.

जुन्या पिढीतल्या बेक्लोमेथासोन आणि बुडेसोनाइडचा वाटा मात्र एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त. बेटामेथासोनचे नाकाचे थेंब तर वेगळंच प्रकरण, ते महिनोन्‌महिने घालायचे नसतात. तेव्हा बाटलीवरचं कंपनीचं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा.

गणित बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, यकृताचं मोडण्याचं काम अडवणारी औषधं: एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट, तसंच बुरशीवरचं इट्राकोनाझोल. गजकर्णासाठी आजकाल इट्राकोनाझोल सर्रास लिहून दिलं जातं आणि 'नाकात स्प्रे मारतो' हे त्वचेच्या डॉक्टरांना सांगायचं कुणाला सुचत नाही. अशाने फ्लुटिकासोन रक्तात साचून खरोखरच तोंडावर सूज येऊ शकते. दुसरं, बेरीज. दम्याचा इनहेलर, नाकाचा स्प्रे आणि अंगाला लावायचं स्टिरॉइड मलम तीन डॉक्टरांकडून आलेलं असेल तर तिघांनाही पूर्ण यादी दाखवा. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, तर डोळ्यांची तपासणी वेळेवर होऊ द्या.

सवयीचं म्हणाल तर, बंद केल्यावर शिंका परत येतात कारण अ‍ॅलर्जी होती तिथेच असते. स्प्रेची तलफ लागत नाही, आणि या डोसला हळूहळू कमी करत थांबवायचीही गरज नसते.

फवारणी
घोळण्याबद्दल. हा या स्प्रेचा सगळ्यात नेहमीचा त्रास, आणि बहुतेक वेळा चूक हाताची असते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत मारलं तर नळीचं तोंड साहजिकच बाहेरच्या बाजूला वळतं. पण आपण डाव्या नाकपुडीत डाव्या हातानेच मारतो आणि रोजचा फवारा नेमका त्या जाळ्यावर बसतो. पडदा कोरडा पडतो, खपली धरते, नाक शिंकरलं की रक्त. तुमचंही डाव्याच बाजूचं आहे, आज कुठला हात वापरता ते बघा.

नीट पद्धत अशी. आधी नाक हलकं शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा. नवी असेल तर हवेत फवारे मारून भरून घ्या, फ्लुटिकासोन प्रोपिओनेटला ६, मोमेटासोनला १०. आठवडाभर पडून राहिली असेल तर पुन्हा थोडे. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. टोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत, रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. दाबताना फुलाचा वास घ्यावा इतपतच श्वास. जोरात ओढलंत तर औषध सरळ घशात उतरतं. तोंड कडवट झालं तर समजा आजचा डोस वाया गेला. मग तोंडाने श्वास सोडा, टोक पुसून टोपण लावा. दहा-पंधरा मिनिटं शिंकरू नका.

नळीचं भोक पांढऱ्या थराने बुजलं तर टोक काढून कोमट पाण्यात धुवा. टाचणी अजिबात घालायची नाही, भोक मोठं झालं की फवाऱ्याची धार होते.

आता काय करायचं: रक्त आलेल्या बाजूला दोन-तीन दिवस विश्रांती, पडद्याला बोटाच्या टोकाने पेट्रोलियम जेलीचा पातळसा हात, मग विरुद्ध हाताने पुन्हा सुरू. परत परत रक्त आलं, खपल्या धरत राहिल्या किंवा श्वास घेताना आत शिट्टी वाजू लागली तर डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. त्याला भोक पडणं क्वचित घडतं, पण घडतं. नाकाची ताजी शस्त्रक्रिया असेल तर जखम भरेपर्यंत स्प्रे नको.

आणि चार दिवस म्हणजे काहीच नाही. सुरुवात १२ तासांत जाणवू शकते, पण पूर्ण परिणाम यायला एक ते दोन आठवडे रोज मारावं लागतं. पुढच्या वर्षी गाजरगवत फुलायच्या दोन आठवडे आधी सुरू करा.

बाळगुटी
मुलीच्या उंचीवर दोन शब्द. भीती आली ती बेक्लोमेथासोनच्या अभ्यासातून: दिवसातून दोनदा १६८ मायक्रोग्रॅम वर्षभर दिल्यावर ६ ते ९ वर्षांच्या मुलांची वाढ सुमारे ०.९ सेंटिमीटरने कमी भरली. फ्लुटिकासोन फ्युरोएट ११० मायक्रोग्रॅम, म्हणजे मुलांच्या नेहमीच्या डोसच्या दुप्पट, वर्षभर दिलं तेव्हा फरक ०.२७ सेंटिमीटर होता. मोमेटासोन १०० मायक्रोग्रॅमला वर्षभरात वाढीत घट दिसली नाही, आणि तुमच्या मुलीचा डोस तोच आहे. तरी दर सहा महिन्यांनी अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उंची मोजा आणि तारखेसकट लिहून ठेवा. हंगाम संपला की बंद. बाटली मुलीच्या हातात देऊ नका, मुलं गंमत म्हणून सात-आठ फवारे मारतात.

पाषाणकर
आभार. डाव्या नाकपुडीला डावाच हात होता. अजून एक: रात्री नाक अगदीच बंद झालं की झायलोमेटाझोलिनचे थेंब घालतो. ते तरी स्टिरॉइड नाही ना, म्हणून बिनधास्त.

खलबत्ता
स्टिरॉइड नाही हे बरोबर, बिनधास्त हे चूक. सवय लावणारी बाटली तीच. ती रक्तवाहिन्या आवळते, उतरल्यावर त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब. तीन दिवस, फार तर पाच, याच्या पुढे नेऊ नये. महिनाभर चालू असेल तर आधी एका नाकपुडीत बंद करा, दुसरीत चालू ठेवा. स्टिरॉइड स्प्रे दोन्हीकडे नियमित. आठवड्या-दोन आठवड्यांत पहिली मोकळी झाली की दुसरीत बंद करा. मधले दिवस त्रासाचे जातात. तेव्हा मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर बरं वाटतं: पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं पाणी तसंच नाकात घालू नका. धुणं आधी, स्प्रे नंतर, नाहीतर औषध वाहून जातं.

दरवर्षी 'अ‍ॅलर्जीचं एकच इंजेक्शन' घेणारेही असतात. ट्रायअ‍ॅमसिनोलोन ४० मिलिग्रॅमचं ते इंजेक्शन म्हणजे कित्येक आठवडे अंगभर पसरणारं स्टिरॉइड. घरच्यांची सगळी भीती तिथे लागू पडते.

फवारणी
राहिलंच: बाटलीत १२० फवारे असतील तर रोज चारच्या हिशेबाने महिन्याला संपते. त्यापुढे हलवल्यावर द्रव खळखळतो, पण फवाऱ्यात औषध पूर्ण येईल याचा भरवसा नाही. सुरू केल्याची तारीख पेनने बाटलीवर घाला. आणि चोंदणं कायम एकाच बाजूचं असेल, वर घाण वास किंवा रक्त, तर ते अ‍ॅलर्जीच्या खाती न टाकता दुर्बिणीने नाक तपासून घ्या.