सासूबाईंसाठी चोवीस तासांची नर्स, की अधूनमधून येणारी सिस्टर?

सुदामानगरची सून, इंदूर
सासूबाई ७८ वर्षांच्या. पॅरालिसिसच्या झटक्याने उजवी बाजू गेली, आता दवाखान्यातून घरी आणलंय. कॅथेटर (लघवीची नळी) आहे, जेवण तोंडाने घेतात. नर्स पुरवणारे ब्यूरोवाले म्हणतात चोवीस तासांची नर्सच ठेवा. तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. दिवसा आया ठेवून सिस्टरला अधूनमधून बोलावलं तर चालेल का? माकडहाडाजवळ कातडी लाल दिसतेय, जीव धास्तावलाय. आयुष्मानच्या वय वंदना कार्डातून (म्हाताऱ्या माणसांसाठीची सरकारी उपचार योजना) काही मिळतं का?

निवृत्त सिस्टर, लष्कर, ग्वाल्हेर
ताई, चालेल. पण ती लाल जागा आत्ताच बोटाने दाबून सोडा. क्षणभर पांढरी पडली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा आणि सिस्टरला उद्याच बोलवा. तिथे चोळू नका हो! स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायला आम्हालाही शिकवलेलं, पुष्कळ आया अजून तेच करतात. हाडावरच्या लाल कातडीला त्याने इजाच होते. बुडाखाली ठेवतात ती रबरी रिंगही नको.

कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड घेतला तरी हे सुटत नाही. पोटरीखाली उशी द्या, टाचा गादीला टेकू देऊ नका. सिस्टर तासभर येणार, बाकीचे तेवीस तास तुमचे नि आयाचे. म्हणून पहिल्या भेटीत कूस बदलणं, युरीन बॅग रिकामी करणं हे सगळं तिच्यासमोर तुम्ही दोघींनी स्वतः करून बघा. बॅग कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये.

सिस्टर जीएनएम की एएनएम (नर्सिंगचा मोठा कोर्स की छोटा), नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे बेलाशक विचारा. 'नर्स' म्हणून साधी अटेंडंट पाठवणारे असतात.

आणि डॉक्टरांना विचारा, कॅथेटर अजून लागतोच का? पुष्कळ घरांत तो सोयीसाठी राहून जातो आणि तिथूनच इन्फेक्शन सुरू होतं. ठेवायचाच असेल तर बदलायची तारीख लिहून घ्या. लॅटेक्सचा लवकर बदलावा लागतो, सिलिकॉनचा जास्त दिवस चालतो.

दांडिया बाजार, वडोदरा
कार्डाचं सांगतो. सत्तरीपुढच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत, घरात दोघं असतील तर दोघांत मिळून. पण तो भरती झाल्यावरचा खर्च. डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यात धरतात, महिनोन्‌महिने येणाऱ्या सिस्टरची फी नाही.

उशाशी एक वही ठेवा. वडिलांच्या वेळी आम्ही कूस, लघवीचं माप, ताप, सगळं वेळेसकट लिहायचो. लघवी गढूळ होतेय हे सिस्टरने वही चाळतानाच ओळखलं.

सुदामानगरची सून, इंदूर
दाबून पाहिलं, पांढरी पडते. रात्री बारा नि दोनची पाळी ह्यांनी घेतलीय, चार नि सहाची माझी. कॅथेटरचं सोमवारी डॉक्टरांना विचारते. सिस्टर, तुमचे फार आभार.