मदत हवी आहे: पिल्लू चावतं, शोसाठी उभंच राहत नाही

द्राक्षबाग (दुपारी 2.05)
मंडळी, लवकर सांगा, वैतागून गेलोय. कुत्र्याच्या पिल्लाला डॉग शोला न्यायचंय आणि ते एका जागी दोन सेकंद थांबत नाही. पट्टा लावला की पट्टा चावतं, सोडवायला गेलं की हात चावतं. काल आईच्या लुगड्याचा पदर फाडला. चपला तर एकीचीही जोडी उरली नाही. शो पुढच्या महिन्यात आहे. उभं राहायला कसं शिकवायचं तेवढंच सांगा.

मिरजकर
जात कुठली? वय किती? नर का मादी? लसी झाल्यात का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

जतचा_पाव्हणा
चार दिवस साखळीला ठेवा, आपोआप ताळ्यावर येतंय. आमच्या वडलांनी आयुष्यभर कुत्री सांभाळली. चावलं की पेपरची गुंडाळी नाकावर एकदा बसायची, परत तोंड लावायचं नाही.

वाळव्याची_लेक
दादा, कृपा करून असं सांगू नका. मार खाल्लेलं पिल्लू हात जवळ आला की मान चोरतं. शोच्या रिंगमध्ये परीक्षक ओठ वर करून दात बघतात, अंगावरून हात फिरवतात. माझ्या डॉबरमनला घरातल्यांनी असंच मारून शिकवलं होतं. परीक्षकांचा हात आला तसा तो खाली बसला आणि उठलाच नाही. वर्षभराची मेहनत गेली, अजून मनाला लागतं.

द्राक्षबाग
अहो जत भागातनं आणलाय म्हटल्यावर कारवानीच असणार की. नर आहे. दात पडायला लागलेत.

मिरजकर
जतचं तुम्ही आत्ता सांगताय! दात पडतायत म्हणजे चार महिन्यांच्या पुढं गेलाय. दुधाचे 28 दात जाऊन 42 येतात, सहा-सात महिन्यांपर्यंत हिरड्या शिवशिवत राहतात. हा खोडसाळपणा नाही, त्याला चावायला काहीतरी पाहिजेच. जुना पंचा ओला करून पिळा, गाठ मारून फ्रीजरला ठेवा आणि तो द्या. हाताला दात लागले की ओरडू नका, उठून पाठ फिरवून जा. खेळ थांबतो हे त्याला आठवड्यात कळतं. संध्याकाळी जास्त चावत असेल तर ते दमलेलं असतं. या वयात सोळा-अठरा तास झोप लागते.

कृष्णाकाठ
कारवानी म्हणजे आपला मुधोळच ना? 2005 साली टपाल खात्यानं तिकीट काढलं त्यावर मुधोळ हाऊंड असंच छापलंय.

जतचा_पाव्हणा
मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जात जोपासली म्हणून त्या गावाचं नाव लागलं. आमच्याकडं जत-आटपाडीच्या धनगरांच्या तळावर हे कुत्रं पिढ्यान् पिढ्या मेंढरांबरोबर हिंडतंय. नाव कारवानीच.

कृष्णाकाठ
सरकारी तिकीट खोटं आहे का मग?

वाळव्याची_लेक
तुमचं दोघांचं बरोबर आहे, पण ह्यांना फॉर्म भरायचाय. केनेल क्लब ऑफ इंडियाकडं ही जात कारवान हाऊंड म्हणूनच नोंदवतात. द्राक्षबाग, नोंदणीचे कागद आहेत का? दोन्ही वृषण खाली उतरलेत का बघा, नरात तेही तपासतात.

द्राक्षबाग
कागद कसले, ओळखीतनं आणलाय. वृषणाचं बघतो. पण उभं राहायचं कुणी सांगेना!

वाळव्याची_लेक
मग आधी आयोजकांना फोन करून कागदांशिवाय घेतात का ते विचारा. आता उभं राहायचं. उकडलेल्या चिकनचा तुकडा मुठीत धरून त्याच्या नाकाच्या उंचीला ठेवा. वर नेला तर तो बसणार, खाली नेला तर वाकणार. चारी पाय जमिनीवर आणि अंग स्थिर, एवढं एक सेकंद जमलं की लगेच द्या. दुसऱ्या दिवशी दोन सेकंद, मग तीन. दिवसातनं तीनदा, दोन-दोन मिनिटं, जास्त नाही. पाय हातानं उचलून मांडायची घाई करू नका. पुढचे पाय सरळ आणि मागच्या पायाचा घोट्याखालचा भाग उभा, हे पुढं जमवता येतं. पट्टा आधी नुसता गळ्यात राहू दे, ओढू नका. रिंगमध्ये कुत्रं तुमच्या डाव्या हाताला दुडक्या चालीनं चालायला लागतं, त्याची सवय शेताच्या बांधावर करा. आणि घरी येईल त्या पाहुण्याला त्याचे ओठ, कान, पाय हाताळायला लावा.

सातारचा_शिपाई
खायला काय देताय? बरगड्या दिसत असतील तर घाबरू नका, शेवटच्या दोन-तीन दिसल्याच पाहिजेत. हे पळायचं कुत्रं आहे.

द्राक्षबाग
खाण्याची तक्रारच नाही. दूध-भाकरी, अंडं, वर कॅल्शियमची पावडर. शिवाय बेदाणा वाळवायच्या शेडवर रॅकखाली सांडलेले बेदाणे वेचून खातं. आत्ता जेवण करून आलो तेव्हाही मूठभर तरी खाल्ले असतील.

मिरजकर (दुपारी 3.20)
थांबा. किती वेळ झाला? बेदाणा आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी आहेत, किडनी निकामी होते. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडं घेऊन जा. दोन तासांच्या आत उलटी करवली तर बरंचसं बाहेर निघतं.

जतचा_पाव्हणा
काहीही. आमचा टायग्या बागेत पडलेले मणी खातच मोठा झाला.

मिरजकर
एखाद्याला काही होत नाही आणि एखादं मूठभरात जातं. आधी कळायला मार्ग नाही. आमची लॅब्रेडोर मी अशीच घालवलीय. दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी लघवीच बंद. द्राक्षबाग, घरी मिठाचं पाणी पाजू नका, ते आणखी घातक. निघा.

द्राक्षबाग (रात्री 9.40)
तासगावात डॉक्टरांकडं नेलं. इंजेक्शननं उलटी करवली. दहा-पंधरा बेदाणे तसेच्या तसे पडले, फुगून पांढुरके झालेले. तेच मी हातानं वाळवलेले. सलाईन लावलंय, रक्त घेतलं, किडनीचं कळतं ते क्रिएटिनिन आज ठीक आहे. परवा परत तपासायचंय. तोवर किडनीचं सांगता येत नाही म्हणाले. कॅल्शियमची पावडरही बंद करायला सांगितली, मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं त्यानं वाकडी होतात. मिरजकर, तुमचे उपकार कसे फेडू. मला खरंच माहीत नव्हतं.

जतचा_पाव्हणा
टायग्याला उद्यापासनं बागेत सोडत नाही. पिल्लाला जपा.

सांगली_स्टेशन
मला पण कारवानी पाहिजे, मादी. कुणाकडं असेल तर कळवा.

द्राक्षबाग (तिसऱ्या दिवशी)
क्रिएटिनिन आजही ठीक. लघवी साफ होतीय, सकाळी भाकरी खाल्ली. शेडच्या चारी बाजूंनी कोंबड्यांची जाळी मारली, गड्यांनाही सांगितलं. फॉर्म भरलेला नाही, या वेळी शो राहू दे. चिकनच्या तुकड्यावर आज चार सेकंद उभा राहिला. वाळव्याची_लेक, पाचव्या सेकंदाला माझ्याकडं बघून शेपूट हलवतो आणि मागचा पाय पुढं घेतो. तेव्हा तुकडा द्यायचा का नाही?